सिंगखाम कसा मेला

"हे तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही," इनकेव लुंग म्हणाला, "पण आमचा सिंगखाम मेला ना, तेव्हा रानडुकरं रडली. या डोळ्यांनी पाहिलंय."

समोरच्या बाकावर पा फोंगचान मांडीवरच्या गुबगुबीत पूडलचा सुजलेला कान चोळत बसली होती. तिचा हात थांबला.

"रानडुकरं?"

"हो."

"रडली?"

"आधी मोठा डुक्कर रडला. तो घरचा कर्ता. त्यानंच सुरुवात केल्यावर बाकीच्यांना काय, निमित्तच हवं होतं."

"तुमच्या गावची दारू कडक दिसते, लुंग."

कोपऱ्यात एक तरुण मुलगी पांढऱ्या कुत्रीला टॉवेलात गुंडाळून बसली होती. ती आल्यापासून कुणाशी बोलली नव्हती, आता किंचित हसली. तिचं नाव ओराथाई. तिच्या कुत्रीच्या केमोचा आज पहिला दिवस होता, आणि दर थोड्या वेळानं ती दाराकडे बघत होती. आतल्या नव्हे, बाहेरच्या.

रानं जाळायचे दिवस होते. चिआंगमाई शहरावर धुराचं गोधडं पसरलेलं, समोरचा डोंगर दिसेनासा झालेला. जनावरांच्या त्या मोठ्या दवाखान्यात माणसंच जनावरांपेक्षा जास्त खोकत होती. वरचा पंखा गरम हवा या बाकावरून त्या बाकावर नेऊन टाकत होता.

आता खरं सांगायचं, तर सिंगखाम मेला नव्हता. तो लुंगच्याच बाकाखाली, लुंगच्याच रबरी चपलेवर हनुवटी टेकून पडला होता. म्हातारा, तांबूस कुत्रा, एका कानाचं टोक गेलेला. गळ्यात पांढरा दोरा. आणि लुंग जे सांगत होता, ते समोरच्या बायांना नव्हतंच मुळी. ते तो सांगत होता आजाराला. दवाखाना म्हणजे आजारांचा बाजार. इथं एखादा आजार बाकाखाली, एखादा पंख्याच्या पात्यावर बसून नावं ऐकत असणार, अशी त्याची खात्री होती. म्हणून तो जरा मोठ्यानं बोलत होता.

सगळा मुलूख त्याला लुंग म्हणे, म्हणजे थोरले काका, जसं पा म्हणजे थोरल्या काकू. आणि सगळा मुलूख असंही म्हणे, की इनकेव लुंगनं 'पाऊस आला' म्हटलं तर आधी हात बाहेर काढून बघावा. डोंगरातल्या त्याच्या गावात खोटं बोलणारे आणखीही होते, पण ते पोटासाठी बोलत. हा हौसेनं बोलायचा. तरणाबांड होता तेव्हा खेचरांच्या तांड्याबरोबर सीमेपलीकडून अफू आणायचा, आणि तांड्यातली वाट काही नुसत्या पायांनी सरत नाही, तिला गोष्टी लागतात. पुढं अफू गेली, खेचरं गेली, गोष्टी तेवढ्या राहिल्या.

आज मात्र हौस कुठल्या कुठं गेली होती. पहाटेच कोबीच्या टेम्पोत, कोबीवर बसून तो निघाला होता, कुत्र्याला दोन्ही पायांत धरून. पाठ आखडलेली, डोळे धुरानं चुरचुरत होते. गोष्ट तोंडातून येत होती ती ओझ्याच्या खेचरासारखी. हाकलली की चार पावलं टाकायची, थांबायची.

कुत्र्याला झालेला आजार गाठींचा. जबड्याखाली दोन्हीकडे, खांद्यापुढं, मांडीमागं, सगळीकडे लिचीएवढाल्या गाठी. रवीवान डॉक्टरीणबाईंनी आधी सदाफुलीच्या झाडापासून काढतात ते औषध शिरेतून दिलं. गाठी लोण्यासारख्या विरघळल्या. लुंगनं गावभर सांगितलं, की कुत्रा इतका बरा झालाय की आता माझ्याच छातीला नळी लावून तपासतो. आणि मग गाठी परत आल्या. औषध तेच, सुई तीच, गाठी ढिम्म.

"औषध थकलंय, लुंग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"औषध थकतं?"

"गाठी शहाण्या होतात. दारं लावून घेतात. मला वाटतं, याच्या जोडीला आणखी एक देऊन बघावं. अफूच्या जातीचं आहे, दुखणं थांबवायला देतो आम्ही. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर दोन्ही मिळून जास्त लागू पडतात, असं काही ठिकाणी दिसलंय. पण बशी ती बशी आणि कुत्रा तो कुत्रा. याच्या अंगात काय होईल ते मी छातीठोक सांगणार नाही. काहीच नाही झालं तर निदान दुखणं तरी कमी होईल."

"नाव काय म्हणालात?"

"मेथाडोन."

लुंग त्या खोलीत पहिल्यांदा हसला. "बाई, हिला मी ओळखतो. अफूची धाकटी बहीण, कारखान्यात जन्मलेली. माझी अफू सोडवायला सरकारनं हिलाच धाडली होती. कितीतरी वर्षं रोज सकाळी आरोग्यकेंद्राच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलोय मी. म्हणजे आता माझ्या जागी हा?"

"तसंच म्हणा."

"हरकत नाही. दोन औषधं काय करतील ते आलं माझ्या ध्यानात. सदाफुली म्हणजे शिपाई. दारातून शिरायचं एवढंच त्याला कळतं. दार बंद झालं की बसला बोंबलत. आणि ही म्हणजे आमच्या तांड्यातली बाई. पहारेकऱ्याला दोन गोड शब्द बोलते, तो पेंगतो, मागची कडी निघते. मग शिपाई आत."

"मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा फळ्यावर याच्यासाठी बाण काढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि ते बाण बरोबर आहेत की नाहीत, हे अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही."

औषधाची कुपी घरी न्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्यानं हात मागं घेतला. "माझ्याकडे देऊ नका. मी चांगला माणूस आहे, पण कुपीला ते माहीत नाही."

मग त्यांनी गावच्या आरोग्यकेंद्रात फोन केला. तेव्हापासून सकाळी लुंग कुत्र्याला घेऊन त्याच खिडकीशी जाऊ लागला. तिथली जुनी परिचारिका अजून तीच होती. कुत्र्याला टोचताना ती म्हणायची, "याचं बरं आहे. तुमच्यासारखं रोज नवं कारण सांगत नाही."

औषध अंगात भिनलं की कुत्रा जिभेचं टोक बाहेर ठेवून, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पडून राही. शेजारचा कोंबडा त्याच्या पाठीवरून चालत जाई, परत येई. हे सगळं पू-आचाननं पाहिलं. पू-आचान म्हणजे गावच्या विधींचा म्होरक्या. बारसं असो की मर्तिक, त्याच्यावाचून पान हलत नसे.

"औषध चालू दे," पू-आचान म्हणाला. "पण औषधानं आजार फक्त घराबाहेर जातो. नाव त्याला पाठ असतं. पत्ता विचारत परत येतो. पहिल्या वेळी आला की नाही? आजारी माणसाचं आपण काय करतो? शवपेटीत निजवतो, वर पांढरं कापड, मंत्र, मग उठवून नवं नाव. याचंही तेच करायचं."

"कुत्र्याला चालतं?"

"आजाराला कुत्रा चालतो ना? मग!"

तर लिचीच्या खोक्यात सिंगखामची प्रेतयात्रा झाली. सकाळची सुई घेतलेली असल्यामुळं त्यानं मरण इतकं चोख वठवलं, की पलीकडची म्हातारी खरोखर रडली, आणि खोक्यातून शेपटी हलल्यावर तिनं इनकेवला खराट्यानं बडवलं. कुत्र्याला डोक्याच्या जागी पाय येतील असं फिरवून निजवलं, मंत्र झाले, गळ्यात दोरा बांधला. सिंगखाम, म्हणजे सोन्याचा सिंह, तो गेला. उठला तो खीमाव. खीमाव म्हणजे दारुडा. असलं नाव असलेल्या घरात कोण मुद्दाम शिरेल, असा हिशेब.

"आता दोन गोष्टी," पू-आचान म्हणाला. "सिंगखाम मेला, हे चारचौघांत सांगत राहायचं. आणि जुन्या नावाला ओ द्यायची नाही. तू नाही, त्यानं नाही. आजार हाक मारून बघतो. एकदा ओ दिलीस, की संपलं."

इथंच लुंगची पंचाईत झाली. आयुष्यभर त्यानं थापा मारल्या त्या लोकांनी हसावं म्हणून. पटावी म्हणून कधी मारली नव्हती. आता एकच थाप कुणाच्या तरी गळी उतरायला हवी होती, आणि तीच उतरेना. 'सिंगखाम मेला' असं तो गावात सरळ दोन शब्दांत सांगे, तर लोक म्हणत, "एवढीच गोष्ट? मग मेला नसणार." माणसांचं हे, तर आजारानं का विश्वास ठेवावा? तो तर दोनदा घरात येऊन राहिलेला, यजमानाची ख्याती त्यानं ऐकली असणारच. म्हणून गोष्ट वाढवणं भाग होतं. ती वाढत वाढत आता रानडुकरांपर्यंत आली होती.

आणि आज सगळ्याचा निकाल होता. डॉक्टरीणबाई आज गाठी चाचपणार होत्या. उतरल्या असतील तर दोन्ही औषधं पुढं चालू. नसतील तर थांबायचं, असं त्यांनी मागच्या खेपेला टेबलावरची चादर सारखी करत करत सांगितलं होतं. लुंगनं स्वतः गाठींना हात लावून पाहिला नव्हता. केमोनंतर रबरी हातमोजे घालून तो कुत्र्याचं मूत पुसायचा, खाली अंथरलेलं पोतं धुवायचा, त्याला भात भरवायचा, सगळं करायचा. पण हात जबड्याखाली जायची वेळ आली, की त्याला दुसरं काहीतरी काम आठवे. आवाजावरून काही कळावं, तर तेही नाही. गाठी परत आल्यापासून कुत्र्याचा घसा बसला होता, तो भुंकलाच नव्हता. कोंबडा एवढा पाठीवर चढला तरी नाही.

"लुंग," ओराथाईनं भीत भीत विचारलं, "तुमचा कुत्रा... या केमोच्या औषधानं मेला का हो?"

लुंगनं तिच्याकडं पाहिलं. तिनं टॉवेलाची गाठ घट्ट केली होती आणि एक पाय बाहेरच्या दाराकडं वळवला होता. आली का पंचाईत! आजाराला फसवायला कुत्रा मारला, तो इथं या पोरीच्या अंगावर पडला.

"छे छे छे!" तो म्हणाला. "औषधानं तर तो बरा झाला. बरा झाला, आणि मग मेला."

"बरा होऊन मेला?" पा फोंगचान म्हणाली.

"अगदी ठणठणीत मेला. असं धडधाकट मरण आमच्या गावात कुणाला आलं नाही."

"मग कशानं मेला ते तरी सांगा."

लुंगला पाणी हवं होतं. त्याला खरं म्हणजे बाकावर आडवं व्हायचं होतं. पण पोरीचा पाय अजून दाराकडं होता, आणि वर पंख्यावर कोण बसून ऐकतंय ते काही दिसत नव्हतं.

"वणवा," तो म्हणाला. "डोंगराच्या माथ्यावरून खाली आला. सगळं गाव कोबीच्या शेतात. आमचा सिंगखाम ओसरीवर. अंगात दोन औषधं. एकानं गाठी गेलेल्या, दुसरीनं दुखणं गेलेलं, आणि दुखण्याबरोबर भीतीही गेलेली. भीती ही दुखण्याची मेहुणी असते, ती एकटी राहत नाही. तर तो उठला आणि धुराकडं निघाला."

"धुराकडं? कुत्रं?"

"तेच तर. वर जाऊन बघतो तर रानडुकरं वाट चुकलेली. पिल्लं, म्हाताऱ्या, सगळं खटलं. धुरात एकमेकांना धडकतायत. यानं काय केलं, सगळ्यांना एका ओळीत लावलं. आमच्या तांड्याची खेचरं चालायची तशी, पुढच्याची शेपटी मागच्याच्या तोंडात."

"हे कुत्र्याला कुणी शिकवलं?"

"मी. लहानपणापासून ओसरीवर माझ्या गोष्टीच ऐकत आलेला. गावात तेवढाच एक मन लावून ऐकायचा."

"बिचारं," पा फोंगचान म्हणाली. "पळून जायला वाव नसणार."

ओराथाई हसली. यावेळी आवाज करून. तिचा पाय आत आला.

लुंगच्या गोष्टीला जरा दम चढला. "ओढ्यापर्यंत आणलं सगळ्यांना. मोठा डुक्कर म्हणाला, आता तूही चल. म्हणजे तसं तोंड केलं त्यानं. पण मागं एक कासव राहिलेलं. कासव म्हटल्यावर वेळ लागणारच. सिंगखाम परत गेला. कासवाला तोंडात धरून ओढ्याकडं फेकलं, ते पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला, आणि मग धुरानं त्याला घेतलं. त्या वेळी डुकरं रडली."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"झाडावर."

"डुकरांना भिऊन?"

"नीट दिसावं म्हणून."

"बरं, कुत्र्याची हाडं? हाडं पुरली असतील ना कुठंतरी?"

"पा, तुम्ही शहाण्या बाई," लुंग म्हणाला. "आमच्या गावात बाकीची कुत्री नाहीत का? हाडं राहतील होय?"

पा फोंगचाननं पूडलचे कान झाकले. "ऐकू नको रे तू."

लुंगनं आवाज चढवला आणि पंख्याकडं पाहिलं. "तर मुद्दा असा, की सिंगखाम मेला. पार मेला. त्याला शोधत कुणी आलंच, तर त्यानं उगाच दगदग करू नये."

"आणि हा कोण?" ओराथाईनं बाकाखाली वाकून विचारलं.

"हा? हा खीमाव. नवा आणलाय."

"नवा? एवढा म्हातारा?"

"म्हाताराच आणला. पोरसवदा आणला तर घरात दोघांपैकी एकाला तरी कामं करावी लागतील."

"याला काय झालंय?"

"काही नाही. सोबतीला आलाय."

पा फोंगचानही वाकली. बाजारात सॉसेज विकण्यात तिचं आयुष्य गेलेलं. कुणाच्या पिशवीत काय आहे हे ती लांबून ओळखे. "लुंग, याच्या मिशा कुठायत?"

औषधानं मिशा गळल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, की याच्या अंगावरचे केस राहतील, मिशा जातील.

"भादरल्या. उकाडा केवढा आहे!"

"मिशाच?"

"सुरुवात तिथून केली. बाकी कंटाळा आला."

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

एरवी डॉक्टरीणबाई स्वतः दारात येत. लुंगनं पहिल्याच दिवशी त्यांना सगळं समजावलं होतं, आणि त्या शिकलेल्या बाई असूनही एक अक्षर न बोलता 'खीमाव, ये रे बाबा' अशी हाक मारत. कार्डावर मात्र जुनंच नाव राहिलं होतं, कारण ते बदलायचं तर 'तोच हा कुत्रा' असं खिडकीशी मोठ्यानं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची लुंगची छाती झाली नव्हती. आज डॉक्टरीणबाई आत कुठल्यातरी पोट फुगलेल्या कुत्र्यात अडकल्या होत्या. दारात आली ती बदलीवर आलेली एक बाई. तोंडाला मास्क, हातात कार्ड.

"सिंगखाम!" तिनं हाक मारली.

आजार हाक मारून बघतो, म्हणाला होता पू-आचान. पण असा, मास्क लावून?

तो पंख्याकडं बघत राहिला.

"सिंगखाम! केमोवाला. कुणाचा आहे सिंगखाम?"

पंखा फिरत होता. लुंगनं चपलेतला पाय हळूच पुढं सरकवून कुत्र्याचा कान झाकला.

"अहो, तो मेला!" पा फोंगचान मदतीला धावली. "वणव्यात. डुकरंसुद्धा रडली म्हणे."

"मेला?" बाई म्हणाली. तिचा आवाज उतरला, आणि मग दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाचा चढतो तसा चढला. "मग कळवायचं तरी! औषध तयार करून ठेवलंय आत. ते ठेवता येत नाही हो, टाकूनच द्यावं लागतं. ठीक आहे. कार्ड काढून टाकते."

लुंगनं तोंड उघडलं. ओ द्यायची, एवढंच. एक अक्षर. ते दिलं तर आजाराला घर सापडतं. नाही दिलं तर शिपाई आतल्या खोलीतच वाया जातो, मग मागची कडी निघून तरी काय उपयोग, आणि पुढची खेप तरी कुठली. साऱ्या आयुष्यात त्याला बोलायला कधी अडलं नव्हतं. खेचरांच्या वाटेवर बंदुकीच्या नळीसमोर अडलं नव्हतं. आता जीभ टाळूला चिकटून बसली होती, आणि बाईनं कार्ड खिशात घालून पाठ फिरवली होती.

"पुढचं कोण?" ती म्हणाली. "पांढरी कुत्री, ओराथाई?"

ओराथाई उठली. तिनं लुंगकडं पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तिला ते कुत्र्याच्या आठवणीनं वाटलं असावं, कारण ती जाता जाता हळूच म्हणाली, "बिचारा सिंगखाम."

लुंगच्या चपलेवरचं ओझं हललं.

पोतं सरकावं तसा आवाज झाला. बाकाखालून आधी नाक आलं, मग मिशा नसलेलं तोंड, मग गळ्यातला मळलेला दोरा. म्हातारा कुत्रा पुढच्या दोन पायांवर उभा राहिला, थरथरला, मागचे दोन पाय त्याला नंतर आठवले. एवढ्या लोकांनी आपलं नाव घेतलं आणि आपण पडून राहिलो याची त्याला लाज वाटली असावी. त्यानं मान वर केली. घशातून आधी गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी आलं.

लुंगनं झडप घातली. तोंड बंद करायचं, बस. त्यानं दोन्ही हातांनी खालून जबडा धरला, जिथं धरायचं त्यानं इतके दिवस टाळलं होतं, अगदी तिथंच. बोटं लिच्या शोधत गेली. डावीकडं नव्हती. उजवीकडं नव्हती. सैल, मऊ कातडी, आणि आत खोल कुठंतरी शेंगदाण्यापेक्षा लहान असं काहीतरी, चाचपलं की सटकणारं. त्यानं पुन्हा शोधलं. बोटं तिथंच राहिली आणि तोंड धरायचं विसरली.

आणि कुत्रा भुंकला. अख्ख्या दवाखान्यात घुमेल असा, पूर्वी कोंबड्यांवर भुंकायचा तसा. बदलीवरची बाई गर्रकन वळली. पूडल टुणकन पा फोंगचानच्या मांडीवरून उतरून बाकामागं गेला. कुत्रा परत भुंकला, शेपटी हलवत, सरळ त्या कार्डाच्या खिशाकडं बघत.

"लुंग," पा फोंगचान इतक्या मोठ्यानं म्हणाली, की खालच्या, वरच्या, पंख्यावरच्या सगळ्यांना ऐकू जावं, "तुमचा मेलेला कुत्रा ओ देतोय की हो!"